बिजेच्या आदल्या दिवसाची डिक्री

१

कोर्टाच्या फाटकाबाहेर कडुलिंबाखाली टेबल टाकून मी एकतीस वर्षं टाइपरायटर बडवतो आहे. वेंगुर्ल्याहून मिठागरावर कारकुनी करायला म्हणून कच्छातल्या मांडवीला आलो, आणि इथलाच झालो. अर्ज, प्रतिज्ञापत्र, भाडेकरार, जे म्हणाल ते टाइप करतो. लोकांची भांडणं माझ्या बोटांतून जातात, पण जेवणाला चव असते आणि रात्री झोप लागते. माणसाला आणखी काय हवं?

त्या शुक्रवारी सकाळी वालबाई आली आणि गिऱ्हाइकाच्या स्टुलावर न बसता जमिनीवरच बसली. नेहमी ताठ मानेनं येणारी बाई अशी बसलेली बघून मी टाइप करणं थांबवलं.

"केळुसकरभाई, कागद गेला."

"कुठला कागद?"

"कुठला म्हणून काय विचारता? माझ्याकडे असे किती कागद आहेत?"

तिचा तो कागद खलाशांच्या सगळ्या खारवावाड्याला माहीत होता. तिचा नवरा नथू वाहाणावरचा, म्हणजे इथल्या लाकडी जहाजावरचा, टंडेल. त्यानं आयुष्यभराची कमाई एका नव्या वाहाणाच्या बयाण्यापोटी दामजी मिस्त्रीच्या हातावर ठेवली होती. दामजीनं वाहाण बांधलं नाही आणि पैसेही परत केले नाहीत. नथू गेला, वालबाईनं दावा लावला, आणि १९९९ साली, आषाढी बिजेच्या आदल्या दिवशी, निकाल तिच्या बाजूनं लागला. आमचं कच्छी वर्ष आषाढी बिजेला, म्हणजे आषाढ शुद्ध द्वितीयेला, बदलतं. 'वालीच्या घरी एक दिवस आधीच नवं वर्ष आलं,' असं तेव्हा बायका म्हणाल्या होत्या.

पण हुकूमनामा हातात आला म्हणजे पैसा हातात आला असं नव्हे. दामजीकडे जप्त करायला करवत आणि वाकस यांखेरीज काही नव्हतं, आणि कारागिराची हत्यारं कायद्यानं जप्त होत नाहीत. पुढे भूकंपात कोर्टाची जुनी दप्तरखोली बसली आणि मूळ कागद ढिगाऱ्यात गेले. उरली ती वालबाईच्या पेटीतली सही-शिक्क्याची नक्कल. आता बारा वर्षांनी दामजीचे दिवस पालटले होते. रुक्मावती नदीच्या काठावर त्याचं स्वतःचं वाहाण उभं राहत होतं, दुबईचा खरेदीदार ठरला होता. जप्तीला हीच वेळ होती. आणि डिक्रीचं आयुष्य असतं बारा वर्षं. ती उलटली की दामजी मोकळा.

"बीज कधी आहे?" मी विचारलं.

"पुढच्या रविवारी. म्हणजे शनिवारी सगळं संपलं." तिनं पदरानं तोंड पुसलं. "भाड्याच्या खोलीत जन्म गेला, भाई. एकदा स्वतःच्या छपराखाली झोपायचं होतं. गांधीधामला मुलीच्या शेजारी एक खोली बघून ठेवली होती मी."

"पेटीतून आणखी काय गेलं?"

"चांदीची कडी आहेत, आठशे रुपये आहेत. फक्त डिक्री गेली. आणि यांच्या मृत्यूचा दाखला."

"दाखला कशाला नेला?"

"ते चोराला विचारा!"

मी टाइपरायटरवर फडकं टाकलं आणि तिला घेऊन सुलेमानभाईंकडे निघालो.

२

सुलेमान थैम म्हणजे कोर्टाचे निवृत्त बेलीफ. छत्तीस वर्षं समन्स आणि वॉरंट घेऊन लोकांची दारं ठोठावली, पण गावात एक माणूस त्यांना शिवी देत नाही. ते जप्तीला गेले तरी आधी घरातल्या म्हाताऱ्याची तब्येत विचारणार. कोण घरात असून नाही म्हणतो आणि कोण खरंच नसतो, हे त्यांना उंबऱ्यावरच्या चपला बघून कळायचं.

ते ओसरीवर ओली खारीक खात बसले होते. वालबाईचं सगळं ऐकून घेतलं, एक बी अंगणात फेकली आणि म्हणाले, "किल्ली कुठे असते?"

"पाणियाऱ्यावर, मोठ्या मडक्याखाली."

"हे कुणाकुणाला ठाऊक आहे?"

"पाणी प्यायला आलेल्या सगळ्यांना."

"छान. आणि गेल्या आठवड्यात घरी कोण कोण आलं?"

तीन नावं निघाली. पहिला दामजी मिस्त्री. तीस हजार घे आणि भांडण मिटव, असं सांगायला तो बुधवारी आला होता आणि तास-दीड तास हलला नव्हता. दुसरा प्राणलाल, धोळकिया वकीलबेनचा कारकून. तो सोमवारी कागद बघायला आला, तेव्हा डिक्री पेटीत होती असं वालबाई म्हणाली. पण पाणी मागून तो पुन्हा आत गेला होता. तिसरं नाव सांगताना वालबाई हसली. "आणि भाभी. पण ती तर घरचीच."

भाभी म्हणजे पुरीबाई, वालबाईच्या मेलेल्या भावाची बायको. दोघी विधवा. पुरीबाईला मूल नाही, वालबाईची एकुलती एक मुलगी गांधीधामला दिलेली. एका खोलीत राहून दोघी दिवसभर बांधणीचं कापड बांधत बसायच्या.

"वकीलबेन काय म्हणतात?" सुलेमानभाईंनी विचारलं.

"नक्कल आणा, तारीख बघते, मग वसुलीची दरखास्त लावते, म्हणाल्या. नकलेशिवाय त्यांचेही हात बांधलेले आहेत."

"खरं आहे." सुलेमानभाईंनी मोठा उसासा टाकला. "बिजेच्या आदल्या दिवसापर्यंत कागद मिळाला तर मिळाला. नाहीतर मग रामराम."

एकतीस वर्षांत मी या माणसाला उसासा टाकताना कधी ऐकलं नव्हतं. मला ते जरा खटकलं, पण म्हटलं, वय झालं.

३

दामजी मिस्त्री वाहाणाच्या पोटाखाली उभा राहून सुतारांवर ओरडत होता. आम्हाला बघून त्याचा चेहरा खुलला.

"या, या, सुलेमानभा! तुम्ही बारा वेळा जप्ती घेऊन आलात, बारा वेळा मी चहा पाजला. आज कुठलं वॉरंट?"

"आज नुसता चहा. वालबाईचा कागद हरवलाय, ऐकलंस?"

"ऐकलं ना! देवाघरी न्याय आहे म्हणायचा!" तो मांडीवर थाप मारून हसला. मग आमची तोंडं बघून जरा सावरला. "बघा, खोटं कशाला बोलू? तो कागद माझ्या हाती लागला असता तर त्यावर मी आंघोळीचं पाणी तापवलं असतं. राखसुद्धा खाडीत सोडली असती. पण लागला नाही. मी तिथे गेलो, लिंबूपाणी प्यायलो, तीस हजार म्हटले, शिव्या खाल्ल्या, परत आलो."

"शनिवारी बारा वर्षं भरतात," सुलेमानभाई म्हणाले. "बिजेच्या आदल्या दिवशी."

"मला सांगता? मी बोटं मोजतोय. बिजेला या, लापशी आणि पेढे."

परतताना मी चिडून म्हणालो, "हाच! चेहऱ्यावर लिहिलंय."

"चेहऱ्यावर लिहिलेलं वाचून मी जप्त्या केल्या असत्या तर केव्हाच बडतर्फ झालो असतो," सुलेमानभाई म्हणाले.

प्राणलाल हा चष्मा कपाळावर ठेवून बोलणारा माणूस. वकीलबेनच्या दिवाणखान्यात फायलींच्या ढिगाआडून त्यानं आमच्याकडे पाहिलं. त्याची गेल्या तीन अर्जांची कारकुनी वालबाईनं दिली नव्हती, हे आम्हाला ठाऊक होतं आणि त्याला आम्हाला ठाऊक असल्याचं ठाऊक होतं.

"संशय माझ्यावर आहे का?"

"छे!" सुलेमानभाई म्हणाले. "बिजेच्या आदल्या दिवशी सगळं संपतंय, म्हणून जीव तुटतो."

"बीज, बीज!" प्राणलाल वैतागला. "सगळा गाव बीज म्हणतोय. तारीख सांगा मला, त्या दिवशी टिपून घ्यायची राहिली. तिथीवर लग्नं लागतात, दावे नाही."

"बारा वर्षांपूर्वीची तारीख कुणाला आठवणार? बिजेच्या आदला दिवस, एवढं गावाला माहीत आहे," सुलेमानभाई म्हणाले आणि लगबगीनं उठले.

"शहाणपणा बघा याचा," मी बाहेर आल्यावर म्हणालो. सुलेमानभाई खारकेचं देठ चावत पुढे चालू लागले.

४

पुरीबाई उंबऱ्यात उजेडाला बसून बांधत होती. डाव्या करंगळीच्या लांब नखानं कापडाचा कण उचलायचा, त्याभोवती दोऱ्याचे फेरे घालायचे, दोरा न तोडता पुढच्या कणावर जायचं. नजर अधू झालेली, पण बोटांना डोळे होते. वालबाई बाजारात गेली होती.

"पुरीमा, पेटीला कुणी हात लावलेला पाहिलात?" सुलेमानभाईंनी विचारलं.

"मला काय दिसतंय, भा? आणि दिसलं तरी कळतंय काय? पांढऱ्यावर काळं असतं एवढं ठाऊक." तिनं मान वर केली नाही. "वाली रात्रभर झोपत नाही हो."

"झोपणार कशी! शनिवार गेला की तो कागद म्हणजे रद्दी."

"बिजेला रद्दी?"

"बिजेला रद्दी."

"मग पुन्हा कोर्ट नाही, काही नाही?"

"काही नाही. जसं चाललंय तसं चालायचं."

पुरीबाईनं दोरा ओढला. "जसं चाललंय ते काय वाईट चाललंय?" ती म्हणाली आणि आम्हाला चहा करायला उठली. चहात आलं भरपूर घातलं होतं, झकास झाला होता.

शनिवार आला आणि गेला. वालबाई संध्याकाळपर्यंत माझ्या टेबलाशेजारी बसून होती. पाच वाजता कोर्टाचं फाटक बंद झालं तसं ती उठली, माझ्याकडे न बघता चालू लागली. सुलेमानभाई तिकडे फिरकलेही नाहीत. मला त्यांचा मनापासून राग आला.

५

बिजेच्या सकाळी दामजी खरोखर पेढे वाटत होता. मीही एक खाल्ला, खोटं कशाला बोलू. तोंडात पेढा असतानाच गल्लीतलं एक पोर धावत आलं, "वालमासी बोलावतेय, कागद सापडला!"

मी पोहोचलो तर सुलेमानभाई आधीच हजर. वालबाई पेटीसमोर बसली होती. नव्या वर्षाची ओढणी काढायला तिनं पेटी उघडली, तर ओढणीवर लाल कापडात बांधलेली पुरचुंडी. आत डिक्री, नथूचा दाखला आणि सव्वा रुपया.

"वरातीमागून घोडं," वालबाई म्हणाली. हसली की रडली, सांगता येणार नाही. "काल दिला असता तर काय बिघडलं असतं मेल्याचं?"

"उघडलीत कशी पुरचुंडी?" सुलेमानभाईंनी विचारलं.

"कशी म्हणजे? दोरा ओढला, सुटली."

"एकदाच ओढलात आणि सगळी सुटली?"

वालबाईनं हातातल्या दोऱ्याकडे पाहिलं. बांधणीच्या गाठी तशाच सुटतात. रंगवून वाळवलेलं कापड दोन बाजूंनी ओढलं की सगळे फेरे टपाटप उडतात.

सुलेमानभाईंनी नक्कल उलगडून खालची तारीख मला वाचायला सांगितली. "तेरा जुलै एकोणीसशे नव्याण्णव."

त्यांनी सदऱ्याच्या खिशातून एक जुनी, कोपरे गेलेली डायरी काढली. बेलीफ असताना ते रोजचं काम तारीखवार लिहून ठेवत. त्या वर्षीच्या पानावर लिहिलं होतं, १३ जुलै, वालबाई खारवा निकाल, बाईनं कोर्टभर गूळ वाटला.

"आज तारीख काय, केळुसकर?"

"तीन जुलै." आणि मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. एकतीस वर्षं कोर्टाच्या दारात बसून मी गाढवच राहिलो होतो. "त्या वर्षी अधिक महिना आला होता! बीज उशिरा होती!"

"आणि यंदा लवकर आलीय. तिथी पुढेमागे सरकते. कोर्टाची मुदत इंग्रजी तारखेनंच मोजायची असते, कायद्यातच लिहिलंय तसं. वालबाई, बारा वर्षं तेरा तारखेला भरतात. अजून दहा दिवस आहेत."

"पण बीज तर झाली ना!"

हे वालबाई बोलली नव्हती. चुलीपाशी लापशी ढवळणारी पुरीबाई बोलली होती, आणि बोलून तोंडावर हात ठेवला होता.

६

लापशी खाली लागल्याचा वास आला तसं मीच जाऊन पातेलं उतरवलं.

सुलेमानभाई हळू आवाजात, जप्तीच्या वेळी बोलत तसेच, बोलू लागले. "मला पहिल्या दिवशीच दोन गोष्टी दिसल्या. डिक्रीबरोबर दाखला गेला. ज्याला वाचता येतं तो दाखला कशाला नेईल? दोन्हींवर जांभळा गोल शिक्का आहे. शिक्का ओळखणाऱ्यानं, अक्षर न ओळखणाऱ्यानं ते नेले. त्यामुळे प्राणलाल सुटला. दामजीला गुजराती चांगलं वाचता येतं, तोही सुटला."

"मग मला तेव्हाच का नाही सांगितलंत?" वालबाई म्हणाली.

"कारण कागद हवा होता, चोर नव्हे. मी विचार केला, माझं चुकत असेल आणि दामजीनंच नेला असेल, तर तो पहिल्याच दिवशी जळाला, आपण काही करू शकत नाही. पण जो जाळणार नाही असा कुणी असेल, तर त्याला काय हवंय? नुसती वेळ जायला हवीय. वेळ गेली की तो कागद परत ठेवील. दुसऱ्याची वस्तू नव्या वर्षात घरात ठेवायला आपल्याकडे कुणी धजत नाही. म्हणून मी दारोदार सांगत सुटलो, बिजेला सगळं संपलं. तारखेनं मोजणारा प्राणलाल फसला नसता. तिथीनं मोजणारा फसणारच. तुम्हाला सांगितलं असतं, बाई, तर तुमचं तोंड लगेच बोललं असतं. या केळुसकरचं तर त्याहून आधी."

मी मान खाली घातली.

पुरीबाई भिंतीला धरून उभी होती. "मी जाळणार नव्हते कागद," ती म्हणाली. "त्यावर नथूभाचं नाव आहे. धान्याच्या कोठीत ठेवला होता, उंदीर लागू नयेत म्हणून रोज बघत होते."

"पण का, भाभी?" वालबाई उठून उभी राहिली. "माझ्या बारा वर्षांवर उठलीस? का?"

"पैसे आले की तू गांधीधामला गेली असतीस."

"मग?"

"मग काय? मग मी." पुरीबाईनं हात पसरले. "अठ्ठावीस वर्षं तुझ्या गुडघ्याला गुडघा लावून बसलेय. मला सुईत दोरा ओवता येत नाही, दाराशी कोण आलं दिसत नाही. तू गेल्यावर मी कुणाशी भांडू?"

वालबाईनं कागद ओढणीत गुंडाळला, माझ्याकडे वळून "चला, वकीलबेनकडे," म्हणाली, आणि भाभीकडे ढुंकूनही न बघता घराबाहेर पडली. त्या दिवशी तिनं लापशीला हात लावला नाही.

७

सोमवारी दरखास्त दाखल झाली. ती मीच टाइप केली, एकही चूक न करता. नोटीस मिळाली तसा दामजी कोर्टात धावत आला.

"अन्याय आहे हा! बीज होऊन गेली! मी पेढे वाटले! साऱ्या गावानं खाल्ले, या टाइपिस्टनंसुद्धा!"

"पेढे गोड होते," मी म्हणालो. "पण ते पुराव्यात येत नाहीत."

प्राणलालनं चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि जन्मात पहिल्यांदाच हसला. वाहाणाच्या नाळेवर, पुढच्या टोकाला, जप्तीचा कागद लागला, दुबईच्या माणसाचे फोनवर फोन आले, आणि जप्तीतलं वाहाण पाण्यात उतरत नाही हे दामजीला माझ्याहून चांगलं ठाऊक होतं. भादव्यात त्यानं व्याजासकट सगळी रक्कम कोर्टात भरली. भरताना म्हणाला, "चला, बारा वर्षं दर बिजेला छातीत धडधडायचं, ते तरी गेलं." आणि खरंच, तो बरा दिसत होता.

वालबाई मात्र त्या दोन महिन्यांत भाभीशी एक शब्द बोलली नाही. एका खोलीत, गुडघ्याला गुडघा लावून, दोघी मुक्यानं बांधत होत्या. सुलेमानभाई मला म्हणाले, "मी कागद परत आणला, पण घर मोडलं की काय, कळत नाही." त्यांनी खारीक खाणंसुद्धा सोडलं होतं. मला फार वाईट वाटायचं. आपण ज्यांना जिंकलेलं बघतो त्यांच्या घरी काय चाललंय, हे टाइप करण्यात येत नाही.

मग एका सकाळी वालबाई आली आणि ताठ मानेनं स्टुलावर बसली. पदरात खरेदीखताचे कागद होते.

"गांधीधाम?" मी विचारलं.

"मुलगी रुसलीय, रुसू दे. इथलंच आहे, खारवावाड्यातलं. दोन खोल्या आणि समोर ओटा. बांधायला उजेड चांगला येतो."

मी कागद चढवला. विकणाऱ्याचं नाव टाइप केलं, खरेदीदार नंबर एक म्हणून वालबाईचं टाइप केलं, आणि पूर्णविराम द्यायला बोट उचललं.

"थांबा. नंबर दोन पण लिहा."

"नंबर दोन कोण?"

"चोर," वालबाई म्हणाली. "दुसरं कोण? बाहेर ठेवली तर पुन्हा पेटी उघडेल."